सोबतीचा रकाना

रत्नाकर भोइट्यांचा रक्तदाब कोणामुळे वाढतो, हे हेमलताबाईंना लग्नाला बेचाळीस वर्षं झाल्यावर एका सोमवारी सकाळी अकरा वाजता समजलं. साताऱ्यातल्या ज्येष्ठ आरोग्य केंद्रात दोघं डॉक्टर तांबोळींच्या समोर बसले होते. रत्नाकररावांच्या गळ्याच्या हाडाखाली सहा आठवड्यांपूर्वी एक पट्टी चिकटवली होती. तिचा पहिला अहवाल आज मिळायचा होता.

पट्टी दिसायला साधी, अंगठ्याच्या नखाएवढी. पूर्वी दंडाला पट्टा गुंडाळून, हवा भरून रक्तदाब मोजायचे, आणि तो मोजला त्या घटकेचाच असायचा. ही पट्टी आत ध्वनिलहरी सोडायची. त्या रक्तवाहिनीच्या भिंतीवर आपटून परत आल्या, की त्या ठोक्याला भिंत किती फुगली आणि किती पटकन आवळली हे पट्टीला कळायचं. तरुणपणी ही भिंत लवचिक असते. वय झालं की ती उन्हात पडून राहिलेल्या रबरी नळीसारखी कडक होते, मग जरा काही झालं की आतला दाब उसळतो. म्हातारपणी हा दाब दिवसभर किती खालीवर होतो, हे आता ठोक्याठोक्याला मोजता येत होतं. दिवसाला लाखभर ठोके.

खरी कमाल त्याच्या पुढची होती. केंद्रातलं गणकयंत्र हे सगळे ठोके घ्यायचं आणि माणसाच्या दिवसाशी पडताळायचं. घामातलं मीठ, झोपेचे तास, चाललेली पावलं, हवेतली थंडी, आणि दोन हातांच्या आत दुसरी कोणाची पट्टी किंवा फोन आहे का, हेही. बाकी सगळं सारखं आणि एकच गोष्ट वेगळी, असे क्षण ते वेचून काढायचं आणि प्रत्येक कारणाला आकडा द्यायचं. अमुक गोष्टीनं दाब इतका चढतो, तमुक गोष्टीनं इतका उतरतो.

डॉक्टर तांबोळी पस्तिशीच्या, बोलायला मऊ. त्यांनी अहवाल टेबलावर सरकवला. चालण्यामुळे उतार सहा. कमी मिठामुळे उतार चार. झोपेमुळे उतार तीन. खाली शेवटचा रकाना होता सोबतीचा, आणि तिथे दोनच नावं होती.

शशिकला जंगम, उतार बारा.

हेमलता भोइटे, चढ नऊ.

हेमलताबाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला आणि पुन्हा वाचलं. रत्नाकरराव खिडकीबाहेर बघत होते. डॉक्टर समजावू लागल्या, की याचा वाईट अर्थ घेऊ नका, दवाखान्यात पांढरा कोट दिसला की पुष्कळांचा दाब वाढतो, त्याचा अर्थ ते डॉक्टरचा द्वेष करतात असा नसतो. तुमच्या स्वयंपाकानंच यांना आजवर सांभाळलं, असंही त्या म्हणाल्या. हेमलताबाईंच्या कानांत त्यातलं काही शिरलं नाही. त्यांना एवढंच ऐकू आलं, की मिठाचे चार आणि त्या बाईचे बारा.

कारण मीठ म्हणजे हेमलताबाईंचं सगळं आयुष्य होतं. पंचवीस वर्षं त्यांनी लोणची घातली. त्यांच्या हातचं माईनमुळ्याचं लोणचं पुण्यापर्यंत जायचं, लग्नसराईत दारात बरण्या घेऊन बायका उभ्या असायच्या. मग अकरा वर्षांपूर्वी, पाटबंधारे खात्यातून सर्वेअर म्हणून निवृत्त झाल्या झाल्या, रत्नाकररावांचा रक्तदाब एकशे नव्वद निघाला. घरात लोणच्याचा वास असेपर्यंत हा माणूस मीठ सोडणार नाही हे हेमलताबाईंनी ओळखलं. एका आठवड्यात त्यांनी सगळ्या बरण्या वाटून टाकल्या. पापड बंद, ठेचा बंद, सणाच्या दिवशीसुद्धा पानाच्या डाव्या बाजूला फक्त लिंबाची फोड. स्वतःही तसंच अळणी जेवल्या. गोळ्यांच्या वेळा, दुपारची विश्रांती, सकाळ-संध्याकाळ दंडाचा पट्टा, वहीत आकडे. शेजारणी म्हणायच्या, भोइटेकाका हिच्यामुळे उभे आहेत. हेमलताबाईंनाही तसंच वाटायचं.

घरी येताना रिक्षात त्यांनी विचारलं, "कोण या जंगम?"

"चालण्याच्या गटात आहेत," रत्नाकरराव म्हणाले. "केंद्रानंच गट पाडलेत. कोर्टात लघुलेखिका होत्या."

"आणि?"

"आणि काय? किल्ल्याच्या रस्त्यानं चालतो. यंत्राला काय कळतंय हेमा, सोडून दे."

घर येईपर्यंत हेमलताबाई दुपारच्या गोळ्यांचं बोलत राहिल्या. 

सोडून देणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं, कारण पट्टीची रेघ त्यांच्या फोनवर दिसायची. घरातलं जबाबदार माणूस म्हणून केंद्रानं तशी सोय दिली होती. पूर्वीच्या बायकांना संशय आला तर सदऱ्याचा वास घ्यावा लागे, शेजारपाजारी चौकशी करावी लागे. हेमलताबाईंना ओट्यापाशी उभ्या उभ्या नवऱ्याच्या काळजाचा ठोकान्‌ठोका दिसत होता. सकाळी सहाला रत्नाकरराव बाहेर पडत. सहा वाजून दहा मिनिटांनी रेघ उतरायला लागे. पायरी पायरीनं, अगदी निवांत, एखादा माणूस दिवसभराच्या कामानंतर झोपाळ्यावर बसावा तशी. चढाच्या रस्त्यावर दाब वाढायला हवा. याचा उतरत होता. सात वाजता गट सुटे, सव्वासातला फाटक वाजे, आणि रेघ वर चढू लागे.

त्यांनी परीक्षा घेतल्या. एक दिवस फाटक वाजल्यावर मुद्दाम मागच्या अंगणात जाऊन बसल्या. रेघ शांत राहिली. त्या स्वयंपाकघरात आल्या, रेघ चढली. एक दिवस ठेवणीतली जांभळी इरकल नेसल्या, रत्नाकररावांच्या आवडीची मुगाची धिरडी केली, कशाबद्दल काही विचारलं नाही, नुसतं हसून ताट ठेवलं. सहाचा चढ. दुसऱ्या दिवशी एक अक्षर बोलल्या नाहीत, तर दहाचा. नुसतं बोलणंच नव्हे, आपलं असणंच या माणसाच्या रक्तात टोचतंय, असं त्यांना वाटू लागलं. अंगाची आग होई. घरकाम करता करता ती जंगमबाई त्यांच्या डोळ्यांसमोर येई. उंच असेल, सडपातळ असेल, वय झालं तरी केसांत गजरा माळत असेल. मंजूळ बोलत असेल. गोळी घेतली का हे विचारायचं काम तिच्या वाट्याला कधी आलं नसेल. लिंबाच्या फोडीकडे बघून सुस्कारा टाकणाऱ्या नवऱ्यासमोर तीनशेपासष्ट दिवस बसावं लागलं असतं, म्हणजे कळलं असतं बारा कसे येतात ते.

एका दुपारी त्यांनी फोन हातात घेतला आणि केंद्राच्या पानावर गट बदलण्याचा अर्ज भरला. कारण विचारलं होतं. त्यांनी लिहिलं, चढामुळे गुडघे दुखतात. दोन दिवसांनी रत्नाकररावांचं नाव गोडोली तळ्याकडच्या संध्याकाळच्या गटात गेलं. सपाट रस्ता, सगळे पुरुष.

रत्नाकररावांनी तक्रार केली नाही. बुटाची नाडी बांधताना एवढंच म्हणाले, "बदललाय वाटतं गट." हेमलताबाई पीठ मळत होत्या, त्या मळतच राहिल्या. त्या आठवड्यात त्यांना छान झोप लागली.

नव्या गटाच्या पाचव्या आठवड्यापासून मात्र त्यांनी रेघ बघणं कमी केलं, कारण जे दिसत होतं ते बघवेना. चालणं तेवढंच होतं, जेवण तेच, गोळ्या त्याच. तरीही एकशे अडतीसवर टेकलेली सरासरी एकशे पंचेचाळीसवर गेली, मग एकशे छप्पन्नवर. डॉक्टर तांबोळींनी एक गोळी वाढवली. हेमलताबाईंनी भाकरीतलं चिमूटभर मीठही काढून टाकलं आणि स्वतःला समजावलं की थंडी वाढलीय, थंडीत सगळ्यांचाच वाढतो.

जानेवारीतल्या एका सकाळी दहाच्या सुमाराला रत्नाकरराव चहा पीत होते. कप हातातून निसटला. ते त्याच्याकडे बघत राहिले, जणू तो दुसऱ्याच कोणाचा हात होता. हेमलताबाईंनी विचारलं काय झालं, तर त्यांनी उत्तर दिलं, पण त्या उत्तरात शब्द नव्हते. ओठाची उजवी कड खाली ओघळली होती. पट्टीनं आधीच रुग्णवाहिकेला कळवलं होतं. ती येईपर्यंतच्या अकरा मिनिटांत हेमलताबाईंनी त्यांचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवला, आणि त्या हातानं एकदाही त्यांचा हात दाबला नाही.

अर्ध्या तासात वाचा परत आली, संध्याकाळपर्यंत बोटं चालायला लागली. मेंदूकडे जाणाऱ्या वाहिनीत गुठळी अडकली होती, ती आपोआप विरघळली. हा इशारा समजा, रुग्णालयातले डॉक्टर म्हणाले. हेमलताबाईंनी विचारलं, कशामुळे? तेव्हा त्यांनी सांगितलं, की वय आहे, कडक वाहिन्या आहेत, दाब वाढलेला होता, कोणत्याही एका कारणावर बोट ठेवता येणार नाही. हेमलताबाईंना बोट ठेवता येत होतं. आपण भरलेला अर्ज त्यांना डोळे मिटले तरी दिसत होता.

रत्नाकरराव घरी आल्यावर चौथ्या दिवशी, त्यांच्यापाशी शेजारच्या वहिनींना बसवून, हेमलताबाई मंगळवार पेठेत गेल्या. जंगमबाईंचं घर शोधायला वेळ लागला नाही.

दार उघडलं ती बाई ठेंगणी होती. जाड भिंगाचा चष्मा, सुती साडी गुडघ्याशी खोचलेली, हाताला कोथिंबिरीची माती. केस चार बोटं, कसेही कापलेले. हेमलताबाई उंबऱ्यातच थबकल्या. ही सुंदर असती तर सोपं झालं असतं. सुंदर बाईपुढे हरण्यात फारसा कमीपणा नसतो. या बाईकडे असं काहीच नव्हतं ज्याचा हेवा करावा, आणि तरी बारा हिचे होते.

"मी हेमलता भोइटे," त्या म्हणाल्या.

"या की. रत्नाकरराव कसे आहेत? कळलं मला."

रत्नाकरराव हे नाव त्या तोंडातून ऐकताना हेमलताबाईंच्या घशाशी जळजळलं. पण त्या ज्यासाठी आल्या होत्या ते त्यांनी बसल्या बसल्या सांगून टाकलं, की त्यांना परत सकाळच्या गटात घ्यायचंय, तुम्ही त्यांच्याबरोबर चालाल का. आणि मग, का कोण जाणे, पुढचंही सांगितलं. गुडघ्यांचं खोटं कारण. फोनवरची रेघ. जांभळी इरकल. मग अकरा वर्षांचं सगळंच बाहेर आलं, वाटून टाकलेल्या बरण्या, वह्यांतले आकडे, आपल्यालाही कधीतरी लोणच्याची फोड खावीशी वाटते हे. जंगमबाई समोर बसून कोथिंबीर निवडत होत्या. "हो का", "अरेरे", "तुम्ही असं करायला हवं होतं", यातलं काही त्या बोलल्या नाहीत. मधे कुठे अडवलं नाही. हेमलताबाई थांबल्या तेव्हा घड्याळात तास होऊन गेला होता आणि त्यांचे खांदे सैल झाले होते. ते लक्षात आल्यावर त्यांना जंगमबाईंचा आणखीच राग आला.

"ते काय बोलतात तुमच्याशी?" त्यांनी विचारलं.

"ते मी नाही सांगायची," जंगमबाई म्हणाल्या. "चौतीस वर्षं कोर्टात माणसांचं बोलणं उतरवून घेतलं. घेतलेलं बाहेर सांगायचं नाही, ही सवय लागलीय. त्यांनाच विचारा."

"विचारते की. मला सांगत नाहीत."

जंगमबाईंनी काड्या बाजूला केल्या. "विचारून झाल्यावर किती वेळ थांबता तुम्ही?"

 हेमलताबाई चहा न घेताच उठल्या.

त्या दिवशी दुपारी रत्नाकरराव व्हरांड्यात खुर्चीवर बसले होते. रबरी चेंडू उजव्या हातानं दाबायचा व्यायाम चालू होता. हेमलताबाई समोरच्या पायरीवर बसल्या. काही वेळ त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडवलं, परत गुंडाळलं.

"तुमचा गट मी बदलला," त्या म्हणाल्या. "गुडघे दुखतात म्हणून मी लिहिलं. खोटं लिहिलं."

"माहीत आहे."

हेमलताबाईंनी वर पाहिलं.

"केंद्रातून मला फोन आला होता," रत्नाकरराव म्हणाले. जीभ अजून किंचित जड होती, शब्द जपून ठेवल्यासारखे येत होते. "विचारलं, गुडघे दुखतात का. मी म्हटलं, हो."

"का?"

त्यांनी चेंडू मांडीवर ठेवला. "अकरा वर्षं तू माझ्या रक्तदाबाची काळजी करतेस. सकाळी उठलं की किती आला, जेवलं की किती आला. मला वाटायचं, घरात मी राहतच नाही, तो आकडा राहतो. मग तू त्या बाईवर जळायला लागलीस. इरकल नेसलीस. आकड्यासाठी कोणी जळत नाही, हेमा. मला बरं वाटलं."

हेमलताबाईंना रडू आलं आणि संतापही. बरं वाटावं म्हणून या माणसानं आपला जीव धोक्यात घातला होता, आणि आपण तो घालू दिला होता. त्यावर बोलायला त्यांच्याकडे पुष्कळ होतं. ओठांवर आलंही होतं. त्यांनी ते गिळलं आणि विचारलं, "तिच्याशी काय बोलता?"

आणि थांबल्या.

समोरच्या भिंतीवर एक खार वर गेली, खाली आली. हेमलताबाईंना आठवेना की आपण प्रश्न विचारून इतका वेळ गप्प कधी बसलो होतो. नेहमी उत्तर यायच्या आतच त्यांच्याकडे उपाय तयार असायचा.

"अण्णांबद्दल," रत्नाकरराव शेवटी म्हणाले.

अण्णा म्हणजे त्यांचे वडील. पक्षाघातानं नऊ वर्षं खाटेवर होते. रत्नाकररावांच्या लग्नाआधीच ते गेले, त्यामुळे हेमलताबाईंनी त्यांचा फोटोच पाहिला होता. रत्नाकरराव अडखळत सांगू लागले. शेवटच्या वर्षी ते अण्णांना पेज भरवत होते. पेज ओठातून गळत होती, आणि पुसता पुसता त्यांच्या मनात आलं, की आता सुटावं यांनी, म्हणजे मीही सुटेन. तेवढ्यात त्यांनी वर पाहिलं. अण्णा त्यांच्याकडेच बघत होते. बोलता येत नव्हतं, पण कळलं होतं. त्यानंतर ते चमच्याला तोंड उघडेनासे झाले.

"रक्तदाब निघाला तेव्हापासून मला तेच दिसतं," ते म्हणाले. "मी खाटेवर आहे आणि तू चमचा धरलायस. तू माझ्याकडे बघतेस, दंडाला पट्टा बांधतेस, तेव्हा मी तुझ्या डोळ्यांत ते शोधत असतो. अजून आलेलं नाही ना ते." त्यांनी चेंडू पुन्हा उचलला, पण दाबला नाही. "तिच्या डोळ्यांत शोधावं लागत नाही. ती माझी कोणी नाही."

असं काही होणार नाही, हे हेमलताबाईंच्या जिभेवर आलं. मग आलं, की उद्यापासून व्यायाम वाढवू. मग, की माझ्या डोळ्यांत ते कधीच येणार नाही. पहिली दोन वाक्यं त्यांनी नेहमी म्हटली असती. तिसरं खरं आहे की नाही हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि आज पहिल्यांदा त्यांना ठाऊक नसलेलं बोलावंसं वाटलं नाही. त्या पायरीवरून उठल्या, खुर्चीपाशी आल्या आणि त्यांच्या उजव्या हातावर आपला हात ठेवून उभ्या राहिल्या. खालच्या बोटांनी हळूच दाबलं. नीट नाही, पण दाबलं.

 मग रत्नाकरराव म्हणाले की आता घरात जाऊ, ऊन आलं. त्यांना उठवताना हेमलताबाईंना जंगमबाईंचा मातकट हात आठवला, आणि घशाशी परत जळजळलं. सगळं कळलं तरी जळजळ कमी झालेली नव्हती. आपल्या नवऱ्यानं अण्णांचं ते एका परक्या बाईला सांगितलं, आपल्या आधी, किल्ल्याच्या रस्त्यावर, कितीतरी सकाळी. ते परत घेता येणार नव्हतं.

"डॉक्टरांनी परवानगी दिली की सकाळच्या गटात जायला लागा," त्या म्हणाल्या. "मी बोलून आलेय त्यांच्याशी."

रत्नाकररावांनी थांबून त्यांच्याकडे पाहिलं. "आणि तू?"

"सोमवार ते शनिवार त्यांच्याबरोबर," हेमलताबाई म्हणाल्या. "रविवारी माझ्याबरोबर चालायचं. चढला तर चढू दे."